रस्त्यांची कामे आणि पोटकंत्राटदारांची देयके

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो तयार झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके झाले आणि तालुक्यांची संख्या आठ झाली. बियाणे, लोखंडी सळ्या, कापूस व मोसंबी यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर वसलेला असल्यामुळे त्याच्या जडणघडणीत रस्त्यांना फार महत्त्व आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. जालन्याहून नांदेडकडे जाणारा द्रुतगती मार्गही आखण्यात आला आहे. याशिवाय राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामसडक यांची कामे जिल्ह्यात वर्षानुवर्षे चालू असतात.

रस्ता पूर्ण झाला की त्याची लांबी, रुंदी व खर्च यांची माहिती सर्वांस मिळते. परंतु त्या रस्त्यावर ज्यांची यंत्रे चालली, ज्यांनी मुरूम वाहिला, मोऱ्या बांधल्या व खडी पसरली, त्यांना त्यांच्या कामाचा पैसा केव्हा मिळाला याची नोंद क्वचितच कोठे आढळते. ही माणसे बहुधा पोटकंत्राटदार असतात. त्यांचे देयक वेळेवर मिळणे ही केवळ त्यांच्या सोयीची बाब नाही. रस्त्याचा दर्जा, मजुरांची मजुरी आणि ग्रामीण भागातील लहान उद्योगांचे अस्तित्व या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

एका रस्त्यासाठी अनेक हात

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात, अंबड व घनसावंगी तालुक्यांत, खोल काळी जमीन आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ खडी अंथरली तर रस्ता एक-दोन पावसाळ्यांतच खचतो. यास्तव माती काढणे, मुरमाचा भराव घालून तो पाणी मारून दाबणे, मग खडीचे थर व शेवटी डांबरीकरण अथवा काँक्रीटीकरण असा क्रम ठेवावा लागतो. जिल्ह्यातील काळ्या कातळाची खडी चांगल्या प्रतीची असते. मात्र ती फोडणे, चाळणे व वाहून आणणे हे स्वतंत्र काम असते.

ही सर्व कामे एकच कंत्राटदार स्वतःच्या यंत्रांनी व माणसांनी करतो असे सहसा घडत नाही. निविदा मुख्य कंत्राटदाराच्या नावे मंजूर होते. मातीकाम एकाकडे, मोऱ्या व संरक्षक भिंती दुसऱ्याकडे, खडीचा पुरवठा तिसऱ्याकडे, टिप्पर व रोलर चौथ्याकडे अशी विभागणी होते. त्यांच्याखाली मुकादम व त्याची मजुरांची टोळी असते. बँकेचे कर्ज काढून एक जेसीबी वा दोन टिप्पर घेतलेला तरुणही या साखळीत असतो. जिल्ह्यात अशा व्यावसायिकांची मोठी फळी आहे. कागदोपत्री हे सर्व जण ‘पोटकंत्राटदार’ असतीलच असे नाही. कोणी पुरवठादार असतो, कोणी यंत्र भाड्याने देणारा असतो, तर पुष्कळांजवळ कसलाच कागद नसतो. येथूनच अडचणीला प्रारंभ होतो.

आठवड्याची मजुरी, सहा महिन्यांचे देयक

पोटकंत्राटदाराची स्थिती समजून घ्यावयाची तर त्याचा खर्च व त्याची जमा यांचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. डिझेल रोज लागते आणि पंपावर उधारी फार दिवस चालत नाही. यंत्राच्या कर्जाचा हप्ता दरमहा भरावा लागतो. मजुरी आठवड्याच्या बाजाराला द्यावी लागते. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यातील नियम स्पष्ट आहेत. रोजंदारीवरील कामगारास पाळी संपताना, आठवड्याने वेतन घेणाऱ्यास आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याने घेणाऱ्यास पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत आणि मासिक वेतन घेणाऱ्यास पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत वेतन दिले पाहिजे. अर्थात खालच्या बाजूला कायद्याने दिवस व आठवडे मोजले जातात. वरच्या बाजूने येणारी रक्कम मात्र महिन्यांच्या हिशेबाने येते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका पोटकंत्राटदाराने जानेवारीअखेर मुरमाचा भराव व खडीकरण यांचे १० लाख रुपयांचे काम पुरे केले असे समजू. त्याचा खर्च ९ लाख २० हजार रुपये व अपेक्षित नफा ८० हजार रुपये आहे. खर्चापैकी ५ लाख रुपये त्याने सावकाराकडून दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने उचलले आहेत. महिन्याला १० हजार रुपये व्याज होते. देयक दोन महिन्यांत मिळाले तर त्याच्या हाती ६० हजार रुपये उरतात. आठ महिने लागले तर संपूर्ण नफा व्याजात जातो. त्याहून अधिक काळ लागला तर काम करून तो कर्जबाजारी होतो.

याचा परिणाम पुढील कामावर होतो. हातात पैसा नसलेला पोटकंत्राटदार पाण्याचे टँकर कमी करतो, रोलरच्या फेऱ्या वाचवितो आणि थराची जाडी राखण्यात कुचराई होऊ लागते. काळ्या मातीवरील रस्त्यात ही बचत पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. विलंबाचे व्याज अशा रीतीने शेवटी रस्त्यालाच भरावे लागते.

पावसाळ्याचा संबंध आणखी एका बाजूने येतो. दसरा-दिवाळीनंतर सुरू झालेली कामे मे महिन्याच्या अखेरीस थांबतात. मंठा, परतूर, अंबड व घनसावंगी या तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबे हिवाळ्यात ऊसतोडीला जातात. जी रस्त्याच्या कामावर राहतात, त्यांना मृगापूर्वी हिशेब हवा असतो, कारण बी-बियाणे व खत यांची खरेदी तेव्हाच होते. मुकादमाने टोळीला दिलेली उचल, टोळीची शिल्लक मजुरी आणि पोटकंत्राटदाराचे अडकलेले देयक यांचा गुंता पेरणीच्या तोंडावर सर्वांत अधिक जाचतो.

विलंब कोठे होतो

शासकीय कामाच्या देयकाची वाट ठरलेली आहे. काम झाल्यावर शाखा अभियंता मोजमाप घेतो व ते मोजमाप पुस्तिकेत नोंदवितो. उपविभागीय अभियंता त्याची तपासणी करतो. देयक विभागीय कार्यालयात जाते, लेखा शाखा ते तपासते आणि कार्यकारी अभियंत्याच्या मंजुरीनंतर निधीच्या उपलब्धतेप्रमाणे रक्कम अदा होते. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या बी-१ निविदा प्रपत्रातही कंत्राटदाराने दरमहा देयक सादर करावे व ग्राह्य रकमेचा निपटारा शक्यतो दहा दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे.

प्रत्यक्षात विलंबाची कारणे तीन ठिकाणी आढळतात. पहिले कारण मोजमापाचे. मुरमाचा थर खडीखाली झाकला जाण्यापूर्वी त्याचे मोजमाप झाले नाही तर पुढे वाद निर्माण होतो. दुसरे कारण निधीचे. अनेक कामांना मंजुरी मिळते, परंतु अर्थसंकल्पात त्या त्या वर्षासाठी होणारी तरतूद कामाच्या वेगाशी जुळत नाही. मग पावसाळी व हिवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्यांची आणि मार्चअखेरीची वाट पाहावी लागते. राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकीत देयकांसाठी २०२५ साली आंदोलनेही केली.

तिसरे कारण फारसे चर्चिले जात नाही. मुख्य कंत्राटदाराला रक्कम मिळाल्यानंतर ती खाली उतरण्यास लागणारा काळ हे ते कारण होय. एका कामाची रक्कम दुसऱ्या कामात गुंतविली जाते. ‘शासनाकडून पैसे आले की देऊ’ असे सांगितले जाते. पैसे आले की नाही हे कळण्याचे साधन पोटकंत्राटदारापाशी नसते. सुरक्षा ठेवीच्या नावाखाली त्याच्या देयकातून काही रक्कम कापून ठेवली जाते आणि दोषदायित्वाचा कालावधी संपेपर्यंत, प्रसंगी अनेक वर्षे, ती परत मिळत नाही. त्याचे मातीकाम पहिल्या वर्षीच पूर्ण झालेले असले तरी ठेव मात्र संपूर्ण रस्त्याच्या मुदतीशी बांधली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शासनाने मुख्य कंत्राटदारास वेळेवर रक्कम दिली म्हणजे पोटकंत्राटदारास ती वेळेवर मिळाली असे होत नाही. पहिली पायरी दुसरीला आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कार्यालयाच्या नोंदी मुख्य कंत्राटदारापाशी संपतात. त्याखालील माणूस, लेखी मान्यता नसेल तर, शासनाच्या दृष्टीने तेथे नसतोच. कंत्राट ज्या दोघांत झाले त्या दोघांवरच ते बंधनकारक असते, हे करारकायद्याचे मूलतत्त्व आहे. त्यामुळे मुख्य कंत्राटदाराने पैसे थकविले म्हणून पोटकंत्राटदार विभागीय कार्यालयाकडे हक्काने मागणी करू शकत नाही. बी-१ प्रपत्रानुसार कार्यकारी अभियंत्याच्या लेखी मान्यतेशिवाय काम दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. मान्यता न घेता दिलेले पोटकंत्राट मुख्य कंत्राटदारासही अडचणीचे असते, म्हणून ते झाकून ठेवले जाते. झाकून ठेवलेल्या कामाचे देणेही मग झाकलेलेच राहते.

कायद्याचे संरक्षण

लहान उद्योगांची देणी थकविली जाऊ नयेत यासाठी १९९३ साली संसदेने विलंबित रकमेवरील व्याजाचा अधिनियम केला. त्याची जागा पुढे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याने घेतली. या अधिनियमातील विलंबित रकमेविषयीचे संरक्षण सूक्ष्म व लघु उपक्रमांना आहे, मध्यम उपक्रमांना नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उपक्रमाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपये व उलाढाल १० कोटी रुपये, तर लघु उपक्रमाची मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपये अशी आहे. जिल्ह्यातील खडी क्रशरचालक, टिप्परमालक व मातीकाम करणारे पोटकंत्राटदार यांपैकी बहुतेक जण या मर्यादेत सहज बसतात.

अधिनियमानुसार माल किंवा सेवा स्वीकारल्यानंतर करारात ठरलेल्या तारखेस रक्कम द्यावयाची असते. परंतु करारात काहीही लिहिले असले तरी ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ती मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारली असे मानले जाते. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर समजा ६ टक्के धरला तर व्याजाचा दर १८ टक्के होतो. १० लाख रुपयांवर सहा महिन्यांचे असे व्याज ९३,४४३ रुपये व एका वर्षाचे १,९५,६१८ रुपये होते.

वाद झाल्यास सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी राज्य शासनाने स्थापन केलेल्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. ‘समाधान’ या संकेतस्थळावर असे अर्ज दाखल करण्याची सोय २०१७ साली सुरू झाली. परिषद प्रथम समेटाचा प्रयत्न करते व तो फसल्यास लवादाचा मार्ग खुला होतो. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे, असे अधिनियम सांगतो. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या देणेकऱ्यास मंजूर रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या अपिलांना त्यामुळे आळा बसतो.

कराच्या कायद्यांनीही या बाबतीत साहाय्य केले आहे. सूक्ष्म व लघु उपक्रमांची देणी अधिनियमातील मुदतीत दिली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष रक्कम दिल्याच्या वर्षीच वजावटीस धरला जाईल, अशी तरतूद आयकराच्या कायद्यात २०२३ साली करण्यात आली. वस्तू व सेवा करात पुरवठादाराची रक्कम बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत न दिल्यास घेणाऱ्यास त्या बीजकावरील कराची वजावट व्याजासह परत करावी लागते. मुख्य कंत्राटदाराच्या हिशेबनिसास या दोन्ही तरतुदी ठाऊक असतात. पोटकंत्राटदारासही त्या ठाऊक असल्या म्हणजे मागणीपत्राला वजन येते.

कार्यकंत्राटाचा पेच

तथापि एका पेचाची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. रस्त्याचे काम हे बहुधा कार्यकंत्राट असते. त्यात माल व श्रम एकत्र मिसळलेले असतात. २००६ च्या अधिनियमात ‘माल’ व ‘सेवा’ यांचा उल्लेख आहे, कार्यकंत्राटाचा नाही. कार्यकंत्राटास या अधिनियमाची विलंबित रकमेविषयीची तरतूद लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत म्हटले आहे. त्यामुळे मोरी बांधून देण्याचे संपूर्ण काम घेणाऱ्या पोटकंत्राटदाराचा दावा परिषदेपुढे याच मुद्द्यावर अडू शकतो. केवळ खडी पुरविणाऱ्याचा किंवा केवळ यंत्र चालकासह भाड्याने देणाऱ्याचा दावा त्या मानाने सरळ ठरतो.

याचा अर्थ कार्यकंत्राट घेणारा निराधार आहे असा नाही. करारात लवादाचे कलम असल्यास लवाद व नसल्यास दिवाणी न्यायालय हे मार्ग त्याला मोकळे आहेत. मात्र कामाची रक्कम मिळण्याची मुदत ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. ‘आज देतो, उद्या देतो’ या आश्वासनांवर तीन वर्षे लोटली की हक्क असूनही उपाय उरत नाही. परस्परांतील विश्वासावर व्यवहार करण्याच्या ग्रामीण रीतीत ही मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही.

थेट रक्कम देण्याचा मार्ग

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे असे म्हणता येणार नाही. कोविडच्या साथीत रस्त्यांची कामे ठप्प झाली असताना केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ३ जून २०२० रोजी काही सवलती जाहीर केल्या. त्यांत कामाची रक्कम दरमहा देणे, राखून ठेवलेली रक्कम झालेल्या कामाच्या प्रमाणात मोकळी करणे आणि मान्यताप्राप्त पोटकंत्राटदारास एस्क्रो खात्यातून थेट रक्कम देणे यांचा समावेश होता. एस्क्रो खाते म्हणजे ठरलेल्या शर्तींनुसारच ज्यातून रक्कम निघू शकते असे, बँकेच्या देखरेखीखालील खाते. येथे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा होता. ज्याचे नाव कागदावर होते त्यालाच ही वाट खुली झाली.

केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय मंत्रालयांसाठी व उपक्रमांसाठी काढलेल्या सूचना याच दिशेच्या आहेत. चालू देयकातील ग्राह्य रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम देयक सादर झाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत व उर्वरित रक्कम तपासणी करून देयक सादर झाल्यापासूनच २८ कामकाजाच्या दिवसांत द्यावी, असे त्यात म्हटले आहे. तपासणीच्या नावाखाली संपूर्ण देयक अडून राहू नये हा या विभागणीचा हेतू आहे. हेच तत्त्व मुख्य कंत्राटदाराने आपल्या पोटकंत्राटदारास लावले तर मोजमापातील किरकोळ वादासाठी त्याचे सर्व पैसे अडणार नाहीत.

पूर्वीच्या काळी व्यापारी हुंडी वटवून आपली नड भागवीत. त्याच स्वरूपाची आधुनिक सोय रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शनाखाली ‘ट्रेड्स’ या नावाने उपलब्ध आहे. मोठ्या कंपनीने मान्य केलेले बीजक या व्यवस्थेत बँका व वित्तसंस्था सवलतीच्या दराने घेतात; लहान पुरवठादारास रक्कम लवकर मिळते आणि कंपनी ती मुदतीअखेर वित्तसंस्थेस देते. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी करणे २०२४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले आहे. मोठ्या महामार्गांवर काम करणाऱ्या अनेक कंपन्या या मर्यादेत येतात.

अन्य देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ भारतातीलच आहे असे नाही. अमेरिकेत १९८२ साली संघराज्य शासनाच्या देयकांसाठी शीघ्र प्रदान अधिनियम झाला. शासनाने मुख्य कंत्राटदारास वेळेवर रक्कम दिली तरी ती खाली पोहोचत नाही असे आढळल्यामुळे १९८८ च्या दुरुस्तीने संघराज्याच्या बांधकामांत मुख्य कंत्राटदाराने रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत पोटकंत्राटदारास पैसे द्यावेत असे बंधन घालण्यात आले. संघराज्याच्या साहाय्याने होणाऱ्या महामार्गांच्या कामांत ही मुदत ३० दिवसांपर्यंत आहे.

ब्रिटनमध्ये १९९६ च्या अधिनियमाने ‘वरून पैसे आले तरच खाली देऊ’ अशा स्वरूपाची कलमे बांधकामाच्या करारांत सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरविली व वादांच्या झटपट निवाड्याची सोय केली. या दोन्ही देशांच्या अनुभवाचे सार एकच आहे. वरच्या पायरीवरील शिस्त आपोआप खाली झिरपत नाही. खालच्या पायरीसाठी स्वतंत्र मुदत व स्वतंत्र तपासणी लागते.

पोटकंत्राटदाराने घ्यावयाची दक्षता

कायद्याचा आधार कागदावर उभा असतो. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वीच पुढील गोष्टींकडे लक्ष देणे पोटकंत्राटदाराच्या हिताचे आहे.

पहिली गोष्ट उद्यम नोंदणीची. ती संकेतस्थळावर विनाशुल्क होते. ती कराराच्या आधी झालेली असावी, कारण नंतरच्या नोंदणीवरून वाद उपस्थित होतात. याबाबतचे मार्गदर्शन जिल्हा उद्योग केंद्रात मिळू शकते.

दुसरी गोष्ट लेखी कराराची. कामाचे नाव, बाबनिहाय दर, अंदाजे परिमाण, मोजमाप कोण व केव्हा घेणार, रक्कम किती दिवसांत मिळणार, राखीव रक्कम किती कापणार व ती केव्हा परत करणार या सर्व बाबी त्यात असाव्यात. पुरवठा, यंत्रभाडे व बांधकाम यांचे करार शक्यतो वेगवेगळे करावेत. मूळ कंत्राटानुसार मान्यता आवश्यक असेल तर मुख्य कंत्राटदाराने ती घेतली आहे याची प्रत मागून घ्यावी.

तिसरी गोष्ट मोजमापाची. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी उभय पक्षांनी मोजावे व त्यावर दोघांच्या सह्या व तारीख असावी. टिप्परच्या खेपांच्या चिठ्ठ्या, यंत्राच्या तासांची नोंदवही व खडीच्या वजनाच्या पावत्या दररोज सहीसह जपून ठेवाव्यात. शासकीय मोजमाप पुस्तिकेत पोटकंत्राटदाराचे नाव नसते. त्याची स्वतःची नोंद हाच त्याचा पुरावा होय.

चौथी गोष्ट मागणीची. देयक दरमहा द्यावे व त्याची पोच घ्यावी. मुदत उलटताच लेखी स्मरणपत्र पाठवावे. स्मरणपत्राने संबंध बिघडतील असे भय अनेकांना वाटते. परंतु सौम्य भाषेतील, तारखांसह लिहिलेले पत्र हे भांडण नसून हिशेब आहे.

अभियंता व मुख्य कंत्राटदार यांचे दायित्व

सर्व भार पोटकंत्राटदारावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. निविदेच्या वेळीच पोटकंत्राटाची मान्यता घेण्याची सुलभ पद्धत असेल तर लपवाछपवीचे कारण उरणार नाही. प्रत्येक चालू देयकासोबत मागील देयकातून मान्यताप्राप्त पोटकंत्राटदारांना किती रक्कम दिली याचे विवरण व बँकेतील जमेचा पुरावा मुख्य कंत्राटदाराकडून घेता येईल. मुख्य कंत्राटदारास रक्कम अदा झाल्याची तारीख कामाच्या ठिकाणच्या फलकावर लावणेही कठीण नाही. कामाचे नाव, किंमत व कालावधी जेथे लिहिलेला असतो, तेथेच ही एक ओळ आली तर पैसे आले नाहीत या सबबीला जागा राहणार नाही.

मजुरीच्या बाबतीत ‘वरच्याचे दायित्व’ हे तत्त्व आपल्या देशात जुने आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या अधिनियमाने कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मूळ मालकाने द्यावे व कंत्राटदाराकडून वसूल करावे, असे ठरविले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व कायम आहे. मात्र तिच्यातील कंत्राटी कामगारांचे प्रकरण ५० वा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. मजुराच्या वेतनाला जो न्याय लावला, त्याच्या जवळपासचा न्याय त्या मजुराला वेतन देणाऱ्या पोटकंत्राटदाराच्या देयकाला लावणे सुसंगत ठरेल. त्याचे देयक अडले की मजुरी अडते हे उघड आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडून व माती वाहून रस्ते केले. त्या अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. काम मागणाऱ्याला काम आणि केलेल्या कामाचा दाम या तत्त्वाला महाराष्ट्राने त्या वेळी मान्यता दिली. आज हातोडा व पाटी यांच्या जागी पोकलेन व टिप्पर आले आहेत. खडी फोडणाऱ्यांच्या पुढील पिढीतील कोणी टिप्परचा मालक झाला असेल. त्याच्या अंगावर बँकेचे कर्ज आहे आणि त्याच्यामागे दहा-वीस माणसांची टोळी आहे. केलेल्या कामाचा दाम वेळेवर मिळावा, ही त्याची मागणीही तितकीच साधी आहे. जिल्ह्यातील नवा रस्ता वाहतुकीस खुला होईल, त्या दिवशी त्यावर राबलेल्या शेवटच्या माणसाचा हिशेबही पुरा झालेला असावा. तो पुरा करण्याचे नियम बहुतांशी उपलब्ध आहेत. आता त्यांची नोंद व तपासणी शेवटच्या पायरीपर्यंत नेली पाहिजे.